बंदूक आधी कोणाच्या हातातून काढायची?

कुठल्याही गावात अत्याचाराची घटना घडली की दोन दिवसांत आपल्या तरुणांच्या ग्रुपवर एक मागणी हमखास फिरू लागते : "आम्हाला बंदुकीचे परवाने द्या." या मागणीमागचा संताप खरा आहे. पोलीस ठाणे लांब, सरपंच त्यांचा, पाटील त्यांचा आणि रात्र आपली. अशा वस्तीत राहणाऱ्या माणसाला शहरात बसून संयमाचे धडे देणे सोपे असते. मला ते द्यायचे नाहीत.

पण मित्रहो, मागणी करण्याआधी कायदा वाचला पाहिजे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांत अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाना देण्याची तरतूद १९९५ पासून आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना माहीत नसते. त्याच नियमात, त्या तरतुदीच्या दोन उपकलमे आधी, आणखी एक तरतूद आहे. तिच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. माझ्या मते आपल्या लढ्याच्या दृष्टीने तीच जास्त मोलाची आहे. ती का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

शस्त्रबंदी ही जातीचीच जुनी तरतूद

या देशात कोणी शस्त्र धरायचे हे आधी धर्मशास्त्राने ठरवले आणि मग सरकारने. चातुर्वर्ण्यात शस्त्र क्षत्रियाचे. मनुस्मृती त्याहून पुढे जाते : धर्मावर संकट आले तर सर्व द्विजांनी शस्त्र उचलावे, अशी मुभा तिच्या आठव्या अध्यायात आहे. म्हणजे वरच्या तिघांना गरजेपुरते शस्त्र उपलब्ध, शूद्र-अतिशूद्रांना कधीच नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. जगात इतर ठिकाणी सामाजिक क्रांत्या झाल्या, भारतातच का झाली नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना लढण्यासाठी पूर्ण निकामी करून टाकले होते. शस्त्र नाही, म्हणून बंड नाही. युरोपातल्या दुबळ्या माणसाकडे सैन्यसेवा हे शारीरिक शस्त्र होते, राजकीय शस्त्र होते आणि शिक्षण हे नैतिक शस्त्र होते. आपल्याकडून तिन्ही काढून घेतली गेली होती.

गावगाड्यातला महार काय करत होता ते आठवा. वेशीवर पहारा त्याचा, सरकारी खजिना पोहोचवायचा त्याने, चोराचा माग काढायचा त्याने, हद्दीच्या भांडणात साक्ष द्यायची त्याने. गावाच्या संरक्षणाचे काम त्याचे, पण हातात काठी. राखण करायला भरवशाचा, आणि शस्त्र द्यायला मात्र भरवशाचा नाही. ही विसंगती पुढच्या प्रत्येक कायद्यात दिसते.

१८७८ : विश्वासू कोण?

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे जमा करायला सुरुवात केली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. पण हा नियम सर्वांना नव्हता. युरोपियनांना सूट होती. संस्थानिक, सरकारदरबारी मान असलेले लोक, काही प्रांतांतले बडे जमीनदार यांनाही सूट मिळत गेली. पुढे नियम बदलले, गोऱ्या कातडीची उघड सूट गेली, पण प्रतिष्ठेची आणि मिळकतीची सूट राहिली. सरकार ज्याला 'विश्वासू' समजे त्याच्या भिंतीवर बंदूक टांगलेली दिसे, आणि सरकारचा विश्वासू म्हणजे गावातला मालक.

त्याच्या सात वर्षे आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला होता. एका कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, दुसऱ्याने काही घराण्यांना जन्मतःच भरवशाचे ठरवले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत.

यातली एक सूट आजही जिवंत आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये, म्हणजे जुन्या कूर्गमध्ये, कूर्ग वंशाच्या व्यक्तींना आणि जम्मा जमीनधारकांना परवान्याच्या तरतुदींतून ब्रिटिश काळापासून सूट आहे. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यातही ती चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कोडव समाजाशी आपले काही भांडण नाही. लक्षात एवढेच घ्यायचे, की 'वंश' आणि 'जमीन' हे शब्द शस्त्राच्या कायद्यातून अजून पुसले गेलेले नाहीत.

सैन्याचे दार

परवान्याचे दार आपल्यासाठी नव्हतेच, पण सैन्याचे होते. कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची नावे त्याची साक्ष देतात. मग 'लढाऊ वंश' हा सिद्धांत आला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्यांचे बापजादे सुभेदार होते ते एका फर्मानाने 'न लढणारे' ठरले.

त्या वेळच्या आपल्या लोकांनी काय केले? गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

या सगळ्या अर्जांत एक गोष्ट समान आहे. कोणीही 'माझ्या घरात बंदूक पाहिजे' असे म्हटले नाही. मागणी होती राज्याच्या सशस्त्र दलात बरोबरीच्या जागेची.

संविधान सभेत बाबासाहेब काय म्हणाले

१९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क लिहिलेला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली.

विचार करा. शस्त्रबंदीमुळे आपला समाज हजारो वर्षे बंड करू शकला नाही, असे बारा वर्षांपूर्वी लिहिणारा माणूस आता मसुदा समितीचा अध्यक्ष आहे. तो ही दुरुस्ती उचलून धरेल असे कोणालाही वाटेल. बाबासाहेबांनी ती नाकारली. प्रत्येक जण बाजारात जाऊन हल्ल्याची हवी ती साधने बेधडक विकत घेऊ लागला तर राज्याला कारभार करणे शक्य होईल असे आपल्याला वाटत नाही, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आग्रह धरायचाच तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरावा; देशाची सुरक्षा धोक्यात आली तर राज्याला प्रत्येक नागरिकाला शस्त्र हाती घ्यायला बोलावता आले पाहिजे, असेही ते म्हणाले. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले तेही शांततेने आणि विनाशस्त्र. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या संविधानात नाही.

१९३६ चे बाबासाहेब आणि १९४८ चे बाबासाहेब यांच्यात विरोध आहे का? मला तो दिसत नाही. माझे वाचन असे आहे : श्रेणीबद्ध विषमतेच्या समाजात शस्त्राचा 'सर्वांना समान' हक्क दिला, तर तो आधी कोणाला वापरता येईल? ज्याच्याकडे पैसा आहे, जमीन आहे, ठाण्यात ओळख आहे त्याला. वस्तीत एक बंदूक येईपर्यंत वाड्यात दहा आलेल्या असतील. १९३६ मध्ये त्यांनी पहिले शस्त्र म्हणून सैन्यसेवेचे नाव घेतले होते, घरातल्या बंदुकीचे नाही. १९४८ मध्येही ते शस्त्र राज्याच्याच हातात ठेवतात आणि राज्य सर्वांचे करू पाहतात.

१९५९ चा कायदा : बोअर आणि पत

आज लागू असलेला शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. यात शस्त्रांची उतरंड आहे. स्वयंचलित बंदुका आणि तत्सम हत्यारे 'प्रतिबंधित'. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय कोणी ती बाळगू शकत नाही, हे कलम ७. नागरिकाला मिळू शकणाऱ्या बंदुकांतही दोन वर्ग आहेत : प्रोहिबिटेड बोअर आणि नॉन-प्रोहिबिटेड बोअर. बारा बोअरची बंदूक, पॉइंट ३१५ ची रायफल, पॉइंट ३२ चे रिव्हॉल्वर हे दुसऱ्या वर्गात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. पॉइंट ३०३ ची रायफल, ९ एमएमचे पिस्तूल हे पहिल्या वर्गात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयातून.

हा वरचा वर्ग कोणासाठी? २०१६ च्या शस्त्र नियमांत त्याची यादी आहे : दहशतवादी किंवा अतिरेकी सक्रिय असलेल्या भागात राहणारे धोक्यातले लोक, पदामुळे धोका असलेले सरकारी अधिकारी, खासदार-आमदार, अशांचे नातेवाईक. जातीय अत्याचाराचा धोका असलेला माणूस या यादीत नावाने येत नाही. अतिरेक्याची भीती सरकारला समजते, गावातल्या मालकाची भीती समजत नाही.

खालच्या वर्गातही तीच गोष्ट. कायदा जात विचारत नाही, पण कारण विचारतो : व्यवसाय, मालमत्तेचे रक्षण, पिकाचे रक्षण. भूमिहीनाला पीक कुठले? मजुराला मालमत्ता कुठली? कलम १४ मध्ये मुद्दाम लिहिले आहे, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. असे वाक्य कायद्यात लिहावे लागते, यावरूनच प्रथा काय असेल ते समजावे. त्यानंतर पोलिसांचा अहवाल. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर ज्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले, त्यांचा अहवाल कसा जाईल हे सांगायला नको.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत गुलामी संपताच १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा केला, की काळ्या माणसाने स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. परवाना देणारे मंडळ गोऱ्यांचे. शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, ब्लॅक पँथरचे तरुण कायदेशीरपणे बंदुका घेऊन ओकलंडमध्ये पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने मलफर्ड कायदा करून भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आणली. गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. बंदूक घेतली नाही. त्यांनी लेखणी, मोर्चा आणि अत्याचार झालेल्या गावाला थेट भेट ही हत्यारे निवडली.

नियम ३ : आधी काढून घ्या, मग द्या

१९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम या इतिहासाला पहिल्यांदा उलटे करतात. नियम ३ चा विषय खबरदारीचे आणि प्रतिबंधक उपाय. राज्य सरकारने काय करायचे त्याचा क्रम पाहा.

आधी, जिथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा घडण्याची शक्यता आहे असा भाग निश्चित करायचा. मग जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना तिथे पाठवून परिस्थितीचा आढावा घ्यायचा. तिसरे, आवश्यक वाटल्यास त्या भागातील अनुसूचित जाती-जमातींचे नसलेल्या व्यक्तींचे, त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकर आणि घरोब्याचे मित्र यांचेही शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. चौथे, बेकायदा बंदुका जप्त करायच्या आणि त्यांची निर्मिती बंद पाडायची. पाचवे, आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे. पुढे विशेष पोलीस दल तैनात करणे आणि दर तिमाहीला आढावा घेणेही आहे.

नातेवाईक, नोकर, मित्र, हे शब्द पुन्हा वाचा. मालक स्वतः गोळी झाडत नाही, हे नियम लिहिणाऱ्याला माहीत होते.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण पाचव्या उपायावर घोषणा देतो आणि तिसरा विसरतो.

तिसरा उपाय आधी का?

एक. अत्याचार बंदुकीच्या अभावामुळे होत नाही, ताकदीच्या असमतोलामुळे होतो. तो असमतोल वरून खाली आणला तर आपल्याला पुरतो. वस्तीत बंदूक आणायची तर परवाना, बंदुकीची किंमत, काडतुसे, सराव, जपणूक हे सगळे मजुराच्या कमाईतून. वाड्यातली बंदूक जमा करायला आपला एक रुपया लागत नाही.

दोन. आपल्या हातातली बंदूक आपल्याविरुद्ध पुरावा होते. हाणामारीनंतर फिर्याद कोणाची आधी नोंदवली जाते हे आपण पाहतो. प्रतिफिर्यादीत शस्त्र कायद्याची कलमे लागली, की पीडितच आरोपी होतो. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना बंदुकीची शिक्षा दोन ते पाच वर्षे आणि प्रतिबंधित शस्त्राची सात ते चौदा वर्षे केली आहे. गावठी कट्ट्यासोबत फोटो टाकणाऱ्या तरुणांनी हे आकडे पाठ करावेत. आपल्या एका पोराची चौदा वर्षे म्हणजे एका घराची दोन पिढ्यांची माघार.

तीन. बिहारकडे पाहा. रणवीर सेनेवर १९९५ मध्येच बंदी आली होती आणि त्याच वर्षी नियम ३ लागू झाला होता. तरीही जुलै १९९६ मध्ये बथानी टोल्यात २१ आणि १ डिसेंबर १९९७ ला लक्ष्मणपूर बाथेत ५८ माणसे मारली गेली, त्यात बायका आणि लहान मुले. पुढे पाटणा उच्च न्यायालयातून दोन्ही खटल्यांतले आरोपी सुटले. रात्री चालून येणाऱ्या टोळीपुढे एखाददुसऱ्या झोपडीतली परवान्याची बंदूक किती टिकली असती? ती टोळी चालून येण्याआधीच तिची हत्यारे काढून घेणे, हाच तिथला उपाय होता.

चार. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक वेळा बंदूक नसतेच. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला गोळी झाडली गेली नाही. आणि ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात दहा माणसे मेली ती राज्य राखीव दलाच्या गोळ्यांनी. पहिल्या ठिकाणी परवाना रद्द करूनही भागले नसते आणि दुसऱ्या ठिकाणी परवाना मिळूनही. म्हणून नियम ३ तुकड्याने वाचू नये. भाग निश्चित करणे, आढावा, पोलीस दल, जबाबदार अधिकारी हे सगळे मिळून तो उपाय आहे.

कोणी म्हणेल, मग पाचवा उपाय कशासाठी आहे? तो आहे, आणि हक्काचा आहे. ज्या साक्षीदाराला खरोखर जिवाची धमकी आहे त्याने अर्ज करावा आणि नाकारला तर अपील करावे. स्वसंरक्षणाचा हक्क तर प्रत्येकाला आहेच. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्याला परवाना लागत नाही. पण एका माणसाचा अर्ज आणि समाजाचे धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'हे व्यवहार्य नाही' म्हणणाऱ्यांना

परवाने सरसकट कसे रद्द करणार, असे अधिकारी विचारतात. त्यांना एवढेच विचारा : निवडणुकीची आचारसंहिता लागली की काय करता? प्रत्येक निवडणुकीत परवानाधारकांची छाननी होते आणि शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतली जातात. मतपेटीच्या सुरक्षेसाठी जे जमते, ते वस्तीच्या सुरक्षेसाठी का जमत नाही? शिवाय शस्त्र कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सार्वजनिक शांततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला एरवीही आहेच. अडचण अधिकाराची नसते. नियमातल्या 'आवश्यक वाटल्यास' या दोन शब्दांची असते. साहेबांना ते आवश्यक वाटत नाही.

ते वाटायला लावणे हे आपले काम. कसे?

१. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तालुकानिहाय, गावनिहाय शस्त्र परवान्यांची संख्या मागा. नावे मागितली तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, आकडे नाकारणे अवघड जाते.

२. आपल्या जिल्ह्यात नियम ३ खाली कोणते भाग निश्चित केले आहेत, आणि तिथे किती परवाने रद्द झाले, हे लेखी विचारा. उत्तर 'निरंक' आले तर तोच पुरावा.

३. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे, आणि नियम १६ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची वर्षातून दोनदा. इतिवृत्ते मागा. आपला कोणी सदस्य असेल तर त्याला हा विषय कार्यसूचीवर घ्यायला लावा.

४. धमकी, बहिष्कार, मिरवणुकीत बंदूक नाचवणे, हवेत गोळीबार, प्रत्येक गोष्टीची तारखेनिशी लेखी तक्रार द्या. परवाना रद्द झालेला माणूस अपिलात जातो. कारण नसलेला आदेश तिथे टिकत नाही, आपली कागदपत्रे त्या आदेशाचे कारण बनतात.

महाडला मार्च १९२७ मध्ये आपल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले कितीतरी जण होते. बाबासाहेबांनी फक्त होकार द्यायचा अवकाश होता. त्यांनी लोकांना रोखले, फिर्यादी दाखल झाल्या, खटला चालला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. त्याला भित्रेपणा म्हणण्याची कोणाची हिंमत नाही.

ज्यांच्या हातात शतकानुशतके शस्त्र होते त्यांच्या हातातून ते कायद्याने काढून घेण्याची तरतूद या देशात एकदाच लिहिली गेली, आणि ती आपल्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांत आहे. पुढच्या वेळी मोर्चा कलेक्टर कचेरीवर जाईल तेव्हा निवेदनातली पहिली ओळ ही असू द्या : नियम ३, पोटनियम १, उपकलम तीनची अंमलबजावणी करा. परवान्याची मागणी तिच्या खाली लिहा.

जय भीम! जय संविधान!